साखरीच्या मापाचा लगाम

यंदाही थंडी पडली आणि माझे हात शिवशिवायला लागले.

सोलापूरची थंडी ती काय, असं पुण्याचे नातेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे. सकाळी सातला अंगावर शाल आणि अकराला डोक्यावर पंखा, अशी आमची थंडी असते, पण असते. मंद्रूपच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळू उभा राहतो, कणसात दूध भरतं, बांधावर हुरड्याच्या आगट्या पेटतात आणि गाडीची काच खाली केली की त्या धुराचा वास सीटच्या कापडात बसतो तो महाशिवरात्रीपर्यंत निघत नाही. नेमक्या याच दिवसांत आमच्या घोडेस्वारी क्लबच्या स्पर्धेची तारीख जाहीर होते. मग दुपारी हमखास कुणाच्या तरी आईचा फोन येतो, "ताई, आमच्या हिला स्पर्धेसाठी लगाम घ्यायचाय. काळा घेऊ की तपकिरी?" पाच मिनिटांत सांगून मोकळं व्हायचं असं मी दरवेळी ठरवते. फोन ठेवते तेव्हा चहावर साय धरलेली असते.

लगाम या विषयावर मला बोलायला लावू नये. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं तर मी घोड्यांच्या घरातली नव्हे. माझा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, बारा मशिनी आहेत. आमचा हंगाम मार्च ते जून. तेव्हा जेवायला फुरसत नसते, आणि थंडीत मात्र मशिनींवर कापड झाकून आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसतो. अशाच एका रिकाम्या थंडीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, होटगी रस्त्यावरच्या क्लबला गणवेशाची ऑर्डर मागायला म्हणून गेले आणि घोड्यावर बसून परत आले. ऑर्डर राहिलीच. घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "गुडघ्याचं औषध घोड्याला द्यायचं की तुला?"

पण मला सांगायचाय तो एकच मोसम, चार वर्षांपूर्वीचा. साखरीचा.

साखरी म्हणजे पांढरीशुभ्र घोडी, नाकावर तेवढा गुलाबी डाग. क्लबवर येण्याआधी सात-आठ वर्षं ती वरातीत होती. नवरदेव पाठीवर, समोर बँड, आणि ही पुढचे पाय छातीपर्यंत उचलून जागच्या जागी नाचायची. अक्कलकोटकडे तिचं नाव होतं म्हणे. पुढे मल्लप्पा बँडवाल्याने घोड्या कमी केल्या तेव्हा आमच्या शिंदेसरांनी तिला आणली. सर मूळचे इथलेच. पुण्यात पंधरा वर्षं घोडेस्वारी शिकवून परत आले आणि इथे क्लब काढला. त्यांना वाटलं होतं, घोडी शांत आहे, शिकणाऱ्यांना होईल. शांत होतीच ती. फक्त कुठे काही वाजलं, की नाचायची. ट्रॅक्टरवर गाणं लागलं की नाचायची, पाण्याच्या टाकीवर पत्रा आपटला की नाचायची. एकदा शेजारच्या शाळेतल्या कवायतीच्या ढोलावर तिने मला सलग दहा मिनिटं नाचवलं, आणि कवायत करणारी सगळी शाळा कवायत सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली.

मला ती भयंकर आवडायची. क्लबवर एवढे घोडे होते, मी हिचीच झाले.

आणि त्या मार्गशीर्षात सरांनी ते सांगितलं. तबेल्यात जागा आठ घोड्यांची होती, आणि शिकाऊ मुलांसाठी दोन तयार घोडे पुण्याहून येणार होते. "ताई, एक जागा करावी लागती," सर म्हणाले. "साखरीला कुणी घेत न्हाई. पोरं भितात तिला. मल्लप्पा परत न्यायला तयार हाय, त्याची लगीनसराई सुरू होतीय."

"आणि ती शिकली तर?"

"काय शिकल?"

"ड्रेसाज." हा शब्द मी तोवर फक्त भिंतीवरच्या फलकावर वाचलेला होता. आखलेल्या चौकोनात घोड्याने ठरलेल्या वाटेने चालायचं, दुडकी धरायची, गोल फिरायचं, आणि मधोमध येऊन स्तब्ध उभं राहायचं. नाचणाऱ्या घोडीला हे शिकवायचं म्हणजे आमच्या कारखान्यातल्या बायकांना गप्प बसून काम करायला सांगण्यासारखं होतं.

सर हसले नाहीत. "माघातली स्पर्धा आपल्याच मैदानावर हाय. त्यात ती सुरुवातीला आन शेवटी उभी राहिली, तर राहू दे हितं. न्हाईतर मल्लप्पा दुसऱ्या दिवशी घिऊन जाईल."

झालं. मला पंख फुटले. माझ्या आयुष्यात मी आजवर एकाच स्पर्धेत भाग घेतला होता, लिंबू-चमच्याच्या, आणि त्यात लिंबू पहिल्या पावलालाच पडलं होतं.

स्पर्धेच्या नियमांत पहिली गोष्ट होती लगामाची. साधा हवा. तोंडातलं लोखंड गुळगुळीत, मधे जोड असलेलं. नाकपट्टी साधी, लटकतं-चमकतं काही नको. साखरीचा लगाम म्हणजे मल्लप्पाकडून आलेला वरातीचा, पितळी फुलांचा, लाल गोंड्यांचा, आणि तोंडात जायचं लोखंड असं खरखरीत काट्यांचं की हातात धरतानाच माझी जीभ आखडली. तो मी त्याच दिवशी काढून भिंतीला टांगला. तिला नुसत्या दोराच्या, तोंडात लोखंड नसलेल्या मोरकीवर फिरवू लागले आणि माझा शोध सुरू झाला.

तो पंधरवडा मी कधी विसरणार नाही. दुपारी बायका डबे उघडायच्या आणि मी मोबाइल उघडायची. काय काय लगाम असतात जगात. कानामागे गादी असलेले, कपाळपट्टीला खडे लावलेले, गालावरचे पट्टे नसा सोडून वळवलेले. नाकपट्ट्यांचेच नऊ प्रकार. मी कॉलर कापता कापता बघायची आणि दोन कॉलरी वाकड्या गेल्या. आमची मुख्य कारागीर पद्मा, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली, मागून वाकून बघत म्हणाली, "ताई, पट्टे हायत की दागिने?" घरी ह्यांनी विचारलं, "घोडीचा बस्ता कधी बांधायचाय? पाहुणे बोलवायचे का?" मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण बस्त्यासारखीच हुरहूर मला लागली होती. मुलीच्या अंगाला कोणता रंग शोभेल म्हणून आई जशी दुकानात दहा साड्या उलगडते, तशी मी काळा आणि तपकिरी यांत चार दिवस घालवले. शेवटी तपकिरी ठरला. पांढऱ्या गालावर तो उसाच्या गुळासारखा दिसणार होता.

विकतचा नको, इथेच करून घेऊ, असं सर म्हणाले. विजापूर वेशीत इस्माईलचाचांचं दुकान होतं. बाहेरून बघितलं तर नुसता जिना, आत कातड्याचा, मेणाचा आणि चुलीवरच्या चहाचा मिळून एक वास. चाचांनी टांग्यांचं सामान केलं, टांगे गेले तसे बॅगा, पट्टे, बैलांसाठी घुंगरांचे चाबूकही केले. मी मोबाइलवरचा तपकिरी लगाम दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"बनेगा," ते म्हणाले. "घोडी कां है?"

मी पिशवीतून वरातीचा लगाम काढून समोर ठेवला. "घोडी कशाला? हा मापाचा आणलाय की."

इथे मला स्वतःबद्दल एक सांगितलं पाहिजे. गणवेश शिवणाऱ्याच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य असतं, 'मापाचा जुना कपडा आणा.' मूल शाळेत असतं, आई-बाप कामावर, मापाला कुणी येत नाही. जुना शर्ट टेबलावर पसरायचा, खडूने रेघ मारायची, वाढत्या अंगासाठी दोन बोटं जास्त धरायची. वीस वर्षं माझं घर या वाक्यावर चाललंय. त्यामुळे वरातीचा लगाम पिशवीत घालताना मला आपण किती हुशार असं वाटलं होतं.

चाचांनी तो उचलला, गोंडा बाजूला केला, गालपट्टीवर अंगठा फिरवला. "बाई, ये बरातका नाप है. घोडी कू लेके आव. तोंड बगू द्या मला."

"चाचा, स्पर्धेला महिना राहिलाय. तुम्ही ह्याच्यावरच करा. माप घेणं माझा धंदा आहे."

त्यांनी लगाम बाजूला ठेवला. माणूस आपल्या धंद्याचं नाव घेऊन बोलायला लागला, की दुसरा कारागीर गप्प बसतो. मी लोखंडही जुन्याच्याच रुंदीचं, साडेचार इंची, पुण्याहून मागवलं.

दहा दिवसांत लगाम तयार झाला. टाके असे सरळ की पद्माने भिंग मागवलं. कडा मेणाने घासून मऊ केलेल्या. मी तो घरी आणला आणि सरळ दिवाणखान्यातल्या खुंटीवर, ह्यांच्या छत्रीच्या जागी टांगला. येता-जाता हात लावायची. सकाळी उठून आधी त्याचा वास घ्यायची. इतका आनंद मला नव्या घराच्या किल्लीचाही झाला नव्हता.

मग तो साखरीला घातला, आणि साखरी नाचली.

कुठेही काही वाजत नव्हतं. ट्रॅक्टर नाही, पत्रा नाही. सकाळचे नऊ, गार वारा, कुंपणापलीकडे शाळू. मी नुसती बसले, लगामाच्या वाद्या हातात घेतल्या आणि तिने मान ताठ केली, कान मागे पाडले, पुढचा पाय छातीपर्यंत उचलला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोराच्या मोरकीवर जी घोडी महिनाभर शहाण्यासारखी चालत होती, ती माझ्या देखण्या, नियमाबरहुकूम लगामात सकाळभर वरात काढत होती. मी तिच्यावर ओरडले. मी कधी कुणावर ओरडत नाही असं नाही, पण तिच्यावर कधी ओरडले नव्हते. "तुला जायचंय का त्याच्याकडे परत?" असंही म्हणाले. हे लिहितानाही वाईट वाटतंय.

चौथ्या दिवशी सर जवळ आले. त्यांनी साखरीच्या नाकपट्टीखाली दोन बोटं घालायचा प्रयत्न केला. एकच गेलं. मग त्यांनी तिच्या ओठाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लोखंड वर ओढलं गेलं होतं, कातडीला तीन घड्या पडल्या होत्या. त्या घड्यांच्या खालीच जुनी, पांढरी, निबर झालेली जखमेची खूण होती. नवं लोखंड अगदी त्याच जागेवर बसलं होतं.

"ताई, लगाम नवा हाय," सर म्हणाले. "धरतो मात्र जुन्याच जागंला."

मी उतरले आणि पट्टे सोडले. वीस वर्षं समजत होते की जुना कपडा अंगाचं माप सांगतो. तो काय सांगणार? आधीच्या शिंप्याने काय शिवलं होतं, तेवढंच सांगतो. आधीचा तंग शिवून गेला असेल, तर आपण तोच तंगपणा नव्या कापडात, नीट टाके घालून, इस्त्री करून देतो. वरातीत घोडीची मान वर राहावी, तिने नाचावं, म्हणून कुणीतरी ते पट्टे मुद्दाम आखूड केले होते. मी त्यांची नक्कल करून, वर मेण लावून तिच्या तोंडात घातली होती. आणि किती शाळांतली किती पोरं दिवसभर कॉलर ओढत बसली असतील माझ्यामुळे, हा विचार आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. त्या वर्षीपासून मी मूल बघितल्याशिवाय माप घेत नाही. पद्मा वैतागते.

त्याच दुपारी चाचांकडे गेले. जिन्यातच म्हणाले, "चाचा, चुकलं माझं."

"हौ," ते म्हणाले. एवढंच. आणि पिशवी उचलून माझ्या गाडीत येऊन बसले.

क्लबवर आल्यावर टेप काढतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून जाड दोरा काढला आणि सरांना म्हणाले, "थोडा कडबा डालो." साखरीपुढे कडब्याची पेंढी टाकली. ती खायला लागली तसे चाचा तिच्या गालाशी उभे राहिले. ती चावत होती, जबडा आडवा-उभा फिरत होता, आणि ते त्या फिरत्या जबड्यावरून दोरा नेऊन गाठी मारत होते. कानामागे एक, ओठाच्या कोपऱ्यापाशी एक, नाकावर एक. मी विचारलं, उभी करून का घेत नाही माप?

"उभी केली की घोडी दात आवळून बसती. मेहमान आलाय म्हनून." त्यांनी गाठ ओढली. "खाताना कोन खोटं बोलत न्हाई, बाई. तोंड केवडं हाय ते तवाच कळतं."

मी हसले, आणि मग माझे डोळे भरून आले, तर चाचांनी दोरा माझ्या हातात दिला. कानामागची शेवटची गाठ मी मारली.

दुसरा लगाम सहा दिवसांत झाला. लोखंड पाच इंची. पट्टे पहिल्यापेक्षा चार-चार भोकं लांब, नाकपट्टीखाली दोन बोटं खेळती. दिसायला पहिल्याइतका रुबाबदार नव्हता, घाईत केलेला, एक बक्कल तर जुन्या बॅगेचं होतं. तो घातला आणि साखरी काय करेल म्हणून मी तिच्या कानांकडे बघत राहिले. तिने लोखंड जिभेवर एकदा, दोनदा फिरवलं. मग मान खाली सोडली, लांब, जमिनीकडे, आणि फुर्रर करून नाक फेंदारलं. मी एवढ्या मोठ्याने हसले की सर ऑफिसातून बाहेर आले.

उरलेले दहा-बारा दिवस पळाले. सकाळी साखरी, दुपारी गणवेश, संध्याकाळी स्वयंपाकघरात फरशीवर खडूने चौकोन आखून ह्यांच्या देखत मी स्वतःच दुडक्या चालीने वाट पाठ करायची. "गॅसपाशी वळायचं की फ्रिजपाशी?" ते विचारायचे, आणि भाजी त्यांनीच ढवळायची.

स्पर्धेला सांगली, लातूर, बार्शीहून घोडे आले. परीक्षक पुण्याचे. आमच्या गटात नऊ जण, आठ जण वीसच्या आतले, नववी मी. मैदानात शिरायच्या आधी एक बाई लगाम तपासत होत्या. त्यांनी नाकपट्टीखाली दोन बोटं घातली, सहज फिरवली आणि मान हलवली. त्या एका मान हलवण्याने माझी छाती किती फुगली म्हणून सांगू.

आणि तेवढ्यात कुंपणाशी मल्लप्पा दिसला. लाल कोट, सोनेरी फीत, खांदा दोन बोटं उतरलेला. शेजारच्या मंगल कार्यालयात त्याच्याच बँडची सुपारी होती. वरात निघायला वेळ होता म्हणून घोडी बघायला आला होता. वयाने साठीचा, तीस वर्षं घोड्या नाचवलेला, कानडी हेलाचा माणूस.

"जावा की बाई," तो म्हणाला. "बगतो मी हितनं. उद्या टेंपो आणू का न्हाय ते ठरवाय पायजे."

मी आत गेले. पहिल्यांदा मधोमध थांबलो, साखरी उभी राहिली. सलाम झाला. दुडकी झाली, गोल झाले, एक गोल भोपळ्यासारखा झाला पण झाला. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. शेवटची वाट उरली, मधल्या रेषेवरून यायचं, थांबायचं, सलाम करायचा. आम्ही रेषेवर वळलो आणि कार्यालयातला बँड सुरू झाला.

आधी ताशा, मग सगळाच. खोगिराखाली तिची पाठ फुगली ते मला मांड्यांना कळलं. सात-आठ वर्षांची सवय तिच्या कातडीखालून सरकत येत होती. माझी बोटं वाद्यांवर आपोआप आवळू लागली. तिला धरून ठेवावं, ओढावं. ओढलं असतं तर ती नाचलीच असती, कारण ओढणं म्हणजे नाच, हेच तिला शिकवलं होतं. मी बोटं उघडली. दोन्ही वाद्या सैल सोडल्या. "साखरे, उभी राहा गं," एवढंच पुटपुटले, आणि आम्ही थांबलो.

तिचा एक कान बँडकडे गेला. दुसरा माझ्याकडे आला. पुढचा उजवा पाय जमिनीपासून वीतभर उचलला गेला, हवेत थांबला, आणि तिने तो होता तिथेच परत ठेवला. बँड वाजत राहिला. साखरी उभी राहिली. मी सलाम केला.

निकालात आम्ही सातवे आलो. शेवटच्या थांब्याला परीक्षकांनी गुण कापले, शेजारी लिहिलं, 'उजवा पाय हलला.' मी मैदानाबाहेर आले तेव्हा तोंडभर हसू होतं. सर कुंपणापाशी मल्लप्पाजवळ उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आधीच मल्लप्पाने साखरीच्या कपाळावर हात ठेवला, कानामागच्या पट्ट्याखाली बोटं सरकवून बघितली.

"काय करून ठिवलीसा ही घोडी तुमी," तो मला म्हणाला. "माजा बँड वाजतोय आन ही ठोंब्यागत उबी. मला काय कामाची आता?"

"म्हंजे नको?" सरांनी विचारलं.

"नको री. दुसरी बगतो मी." त्याने कोटाचं बटण लावलं आणि आपल्या बँडकडे निघून गेला.

साखरी राहिली. सरांनी नवव्या घोड्यासाठी पत्र्याची शेड मारली. सगळे म्हणाले, बँडवाल्याला घोडी नाचेना म्हणून नको झाली, बरं झालं. मीही मान डोलावली. पण परीक्षक समोर चाळीस पावलांवर बसले होते आणि त्यांना तो उचललेला पाय दिसला. मल्लप्पा कुंपणाला टेकून दहा पावलांवर उभा होता, त्याला तो दिसला नसेल?